निवळी

मार्चमधला मंगळवार. नववी ब.
तोंडी आणि प्रात्यक्षिक मिळून वीस गुण.
लिटमस दिवाळीतच संपला,
सूक्ष्मदर्शकाचा आरसा विज्ञान प्रदर्शनात फुटला,
तरी कांद्याची पेशी दिसते,
कुणी खाली वहीचं कोरं पान धरलं तर.
चुना नंदगडच्या बाजारातला, बुधाप्पाच्या पानपट्टीवरचा.
बोटभर दिला त्याने, हिशेबात न लिहिता.
बोटभर चुन्यात चाळीस पोरं बसवायची,
म्हणून मी पाणी घातलं. आणखी थोडं घातलं.
रात्रभर निवळू दिलं.

बाहेरून आलेले परीक्षक यरगट्टी सर, बैलहोंगलकडचे.
चहात साखर नको म्हणाले, बिस्किटं चार खाल्ली.
प्रश्न कानडीत विचारायचे, मग माझ्याकडे बघायचे,
मी मराठी करायची:
जीवकोश म्हणजे पेशी,
श्वासकोश म्हणजे फुफ्फुस,
वपे म्हणजे, थांबा सर, वपे म्हणजे... श्वासपटल.
पोरांना माझ्याआधीच कळलेलं असायचं.
ती उगाच थांबायची, माझा मान राखायला.

प्रेमा घाडीने हृदयाचे कप्पे तीन सांगितले,
मग स्वतःच म्हणाली, नाही, तीन बेडकाचे.
मॅग्नेशियम जळताना काय होतं?
"डोळं मिटतात, टीचर."
हेही खरंच, पण तक्त्यात नाही.

मग लगमा कोरवी.
चौसष्ट दिवस गैरहजर. लग्नसराई.
बाप सनई वाजवतो, हा मागे सूर धरतो,
इटगीला कानडी लग्न, जांबोटीला मराठी,
तासभर एकच स्वर, मोडायचा नाही.
मला हे माहीत होतं.
फुफ्फुसांच्या धड्याशी कधी जोडलं नव्हतं.

नळीत फुंक, म्हटलं.
फुंकला. निवळी दुधाळ झाली.
प्रयोग इथे संपतो, पुस्तकातलं पानही इथेच,
तक्त्याच्या चौकटीत दोनच शब्द: दुधाळ होते.
सरांनी पेन टेकवलं.
थांब म्हणायला मी विसरले
आणि लगमा थांबला नाही.
गाल फुगलेले, नाकाने आत, तोंडाने बाहेर,
बुडबुड्यांची माळ तुटू न देता,
डोळे खिडकीबाहेर,
चिंचेच्या भावावरून भांडणाऱ्या बाईवर.
एक मिनिट. दोन.
पोरं मोजायला लागली, काही मराठीत, काही कानडीत.
आणि दूध विरायला लागलं,
आधी कडेने, मग मधूनही,
नळीपलीकडे सरांचा रेघारेघांचा खिसा दिसू लागला.

"एनायतु?" सर म्हणाले.
लगमाने नळी ओठांतून काढली, सदऱ्याला पुसली.
"आधी दुधागत झालं, मग परत पाणी झालं, सर."
मग तेच कानडीत.
वर्गाला वाटलं, चुकला.

वीस वर्षं हा धडा शिकवते मी.
जास्तीचा कार्बन डायऑक्साइड, विरघळणारं बायकार्बोनेट,
बी.एस्सी.च्या पेपरात लिहिलं होतं,
फळ्यावर कधी नाही,
कारण कुणाचा दम तिथवर पोचला नव्हता.
आणि एवढी पातळ निवळीही मी कधी केली नव्हती.

सरांनी तक्ता पाहिला, मग मला.
म्हटलं, बरोबर आहे सर. सरी ऐत्री.
माझं कानडी मोडकं, हे मात्र नीट आलं.
त्यांनी बराच वेळ घेतला,
मग दोनपैकी दोन लिहिले, पेन्सिलीने.
पेन्सिलीने का, मी विचारलं नाही.

चारला सगळे गेले. दिव्यात थोडं स्पिरिट होतं.
ती नळी तापवली.
बारीक बुडबुडे आले, लगमाचाच श्वास, दुपारचा,
आणि पाणी पुन्हा पांढरं झालं.
मल्लू शिपाई कुलूप घेऊन दारात:
"टीचर, येळ झाला की."

नळी धुतली. तळाला पांढरं कडं राहिलंच.
ब्रशने जात नाही ते, आमसुलाच्या पाण्याने जातं.
ठेवली तशीच, कपाटात वर.
उद्या नववी अ. पोरं चाळीस, नळ्या अकरा.
आता दहा.