पट्टा शेवटपर्यंत

लोखंड मला कळतं.
चोवीस वर्षं ट्रॉलरच्या पोटात, इंजिनाशेजारी झोपलो,
त्याचा घसा जरा बसला तरी जाग यायची.
पण हे लोखंड रस्त्यावर चालणार
आणि चालवणार सेजल, वय अठरा वर्षं दोन महिने,
लायसनवरच्या फोटोतसुद्धा हसणारी.

ओरोसला नर्सिंग. रात्रपाळी सुटते
तेव्हा देवगडची एस.टी. नसते. म्हणून गाडी.
म्हणून दोन लाख साठ हजार,
त्यातले साठ तिच्या आईचे, सुक्या बांगड्यांचे,
नोटांना अजून वास आहे.

तिला लाल हवी होती, छपराला काच असलेली.
मी म्हटलं, आभाळ बघायला खळ्यात खाट आहे.
मला हवी होती रेड्यासारखी जड,
हाकलली तरी न उधळणारी,
पुढे दोन एअरबॅग,
आणि घाबरून पाय दाबला तरी
चाकं जाम न करणारा ब्रेक.

पहिली मालवणात. उटणं लावून बसवल्यासारखी.
खिशातून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं,
रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवत गेलो.
मागच्या चाकावर ते धरेना. घसरून पडलं.
पत्रा नव्हताच तिथे, लांबी होती, वर रंग.
मालक म्हणाला, बंदरावर सगळ्याच गाड्या अशा.
खरं बोलला. आम्ही उठलो.

दुसरी कणकवलीत, नाईकधुरेकडे, पांढरी.
"डॉक्टरीणबाईंची. दवाखाना ते घर, बस्स."
मला आवडली. खोटं का बोलू?
खाली पाठीवर निजून सांधे बघितले,
ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं,
मनातल्या मनात तिला हार घालून
नारळही फोडून टाकला.
तोवर सेजल आत बसून पट्टा ओढत होती.
ओढतच होती.
आपण ओढतो छातीपुरता.
तिने ओढला जिथवर कुणी कधी ओढत नाही तिथवर,
आणि म्हणाली, "पप्पा, हय चिखल आसा."

तळाचा वीतभर पट्टा. तांबूस रेघ, वाळलेली.
कुठलीतरी नदी ह्या गाडीत बसून गेली होती,
पट्टा न लावता.
नाईकधुरे फोन आल्यासारखं करत बाहेर गेला.

मिळाली ती जामसंड्यात, घरापासून हाकेवर.
पोस्टातून निवृत्त झालेल्या धुरींची, राखाडी.
त्यांनी वही ठेवलेली, पंक्चरसुद्धा तारखेसकट.
मागची डावी काच खाली होत नाही,
हे विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं.
बाबल्या मेस्त्रीने तासभर बघितली आणि काहीच बोलला नाही.
बाबल्या बोलला नाही की समजायचं.
टायर मात्र चारही नवीन घातले, त्यावरची वर्षं जुनी होती,
नक्षी कितीही चांगली दिसो.
सेजल म्हणाली, रंग उंदराचा आहे.
आहे.

काल नांदगावपर्यंत नेली तिने.
मी शेजारी, माझ्या पायाखाली नसलेला ब्रेक
दाबून दाबून पोटरी दुखली.
सांगत होतो: फोन डिकीत.
पहिलं वर्ष मैत्रिणी मागे कोंबायच्या नाहीत.
झोप आली तर बाजूला घे, मला उठव,
मी समुद्रात असलो तर आईला उठव.
ती हो हो म्हणत होती,
शिरगावच्या वळणावर गिअर नीट उतरवला,
आणि वळण सरळ झाल्यावर विचारलं,
"आनी तुमी? बोटीर जॅकेट घालतास?"

जॅकेट आहे. नारिंगी.
उशाला घेतो, इंजिनाची थरथर कमी लागते.

मी म्हटलं, समोर बघ.
ती समोरच बघत होती.