आचाऱ्यांना, आचार्यांना

सहकारनगरात पिठाच्या गिरणीमागे
दहा बाय बाराची खोली, भाडं नव्वद रुपये.
गिरणी सुरू झाली की दिवा मिणमिणायचा,
पडद्यावरची हिरवी अक्षरं पोटात दुखल्यासारखी वाकायची
आणि हुपरीकर म्हणायचे, "थांबा पाथरकर,
बाजरी चालू आहे. गव्हाला एवढं होत नाही."

मी लक्ष्मी रोडच्या टायपिंग क्लासातून आलेली,
मिनिटाला चाळीस शब्द, चुका शून्य.
त्यांनी माझं प्रमाणपत्र टेबलावर उलटं ठेवलं.
"इथे चुका करायच्या. दिवसभर.
यंत्र कुठे फसतं ते मला सांगायचं.
पगार तीनशे."

परदेशी यंत्र ते. एका चौकटीत एक अक्षर,
शाळेतल्या कवायतीसारखं, हाताचं अंतर सोडून.
आपली अक्षरं अशी कुठली उभी राहायला?
एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसतं,
एकाचा पाय मोडला की दुसरं त्याला टेकू देतं,
आणि पहिली वेलांटी तर
बोलावण्याआधीच दारात हजर.

त्यांनी यंत्राला थांबायला शिकवलं.
एवढंच.
कळ दाबली म्हणून लगेच बोलू नकोस,
मागून कोण येतंय बघ,
मग ठरव आपण कसं दिसायचं.
त्यासाठी तापकीर गल्लीतून वजनावर आणलेलं भंगार,
डाग देताना पोळलेली बोटं,
आणि किराण्याच्या हिशेबाच्या वहीत
चार रंगांच्या पेन्सिलींनी काढलेली
र ची चार रूपं.

चौथ्यावर घोडं अडलं.
दिल्लीहून पत्र आलं : रफार आहे, तेवढा पुरे.
हा कोयतीसारखा र फक्त तुमच्याकडे दिसतो. वगळावा.
हुपरीकरांनीही वगळला; कार्डावर जागा नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक, एक मंगल कार्यालय.
हिशेब छापून दिला :
वाढप्यांना साडेतीनशे, आचार्यांना सातशे.
संध्याकाळी गुरुजी आले पैसे मागायला.
"छापलंय की," म्हणाले,
आणि खरंच छापलं होतं.
दारात स्वयंपाकी उभा, हातात झारा,
त्याला कुणी काही सांगेना.

मी हसून हसून बेजार. ते हसले नाहीत.
अकरा रात्री, गिरणी बंद झाल्यावर, बसले.
बाराव्या सकाळी पडद्यावर दोनच शब्द,
एकाखाली एक :
दऱ्या
दर्या
"बघा," म्हणाले, "एवढ्याशा आकड्यावर
केवढं पाणी अडलंय."

चाळीस कार्डं विकली गेली. एकेचाळिसावं नाही.
मग मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत ते आयतंच येऊ लागलं.
चोरी म्हणावी, तर तसंही नव्हतं.
"कुणालातरी सुचणारच होतं,"
गिरणीवाल्याचं थकलेलं वीजबिल मोजत म्हणाले,
"आपल्याला जरा आधी सुचलं. गैरसोयीच्या वेळी."

परवा वैकुंठातून परतताना
रिक्षात बसून फोनवर निरोप लिहीत होते.
रिक्षावाल्याच्या फोनवर त्याची मुलगी विचारत होती,
येताना काय आणणार, तेही मराठीत, चुकांसकट.
मी लिहिलं : हुपरीकर सर गेले.
साऱ्यांना कळवा, हे लिहिताना
अर्धा र उमटला पडद्यावर
आणि थबकला,
मागून कोण येतंय बघत.

मीही बघत राहिले.
सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले,
तेव्हा कुठे
य दाबला.