रफीक

माझं नाव दिलावर सरखोत.
इथं ते कुणाला लागत नाही.
इथं मी रफीक,
लिफ्टवाला बिहारी रफीक,
खाली गाड्या पुसणारा सिल्हेटचा पोरगाही रफीक.
रफीक म्हणजे सोबती.
संपाच्या जुन्या फोटोखाली हाच शब्द
सोनेरी अक्षरांत लिहिलाय,
मी रोज त्याची धूळ पुसतो.

फहाहील. तिसरा मजला. बंदर कर्मचाऱ्यांची युनियन.
खिडकीतून टँकर दिसतात, हललेत की नाही कळत नाही.
माझा पगार युनियनचा नाही, खात्याचाही नाही,
कंत्राटदाराचा आहे,
म्हणजे या चैत्रापासून नाही.

निवडणुकीच्या महिन्यात वेलची दुप्पट लागते.
संध्याकाळी उमेदवार येतात, अत्तराचा वास आधी येतो.
बू मिशारी अध्यक्ष. बसल्या जागेवरून उठत नाहीत,
गुडघ्यांमुळे, असं ते म्हणतात.
आठशे सभासद, घरटी पाच-सहा मतं,
शिवाय मामेभाऊ, व्याही, जावई.
हा हिशोब कुणी मोठ्याने करत नाही.
बोलणं ओव्हरटाइमचं होतं, घरभत्त्याचं,
चौथ्या गल्लीतल्या दिव्यांचं.

मी डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात फिंजान घेऊन उभा.
पाहुण्याने फिंजान हलवला की पुरे झालं.
हलवला नाही तर ओतत राहायचं.
आणि कुणी न पिता समोर ठेवला,
तर त्याला काही मागायचंय.
परवा फलाह नावाच्या माणसाने तसा ठेवला.
दहा मिनिटं वाफ निघत होती, मग थांबली.
बू मिशारी म्हणाले, पी.
तेवढंच.
मी किटली धुवायला आत गेलो
आणि सुभानला सांगून टाकलं, हा निवडून आला.

बाबा खेडच्या नगरपालिकेत चावीवाले होते.
पाणी सोडायची लोखंडी चावी, माझ्या खांद्याएवढी.
ऐंशी-एक्याऐंशीच्या संपात त्यांनी ती दारामागे टेकवली
आणि आयुष्यात पहिल्यांदा नऊपर्यंत झोपले.
तिसऱ्या दिवशी नगराध्यक्ष आमच्या ओट्यावर.
अम्मीनं त्यांना पाणी दिलं,
विहिरीवरून डोक्यावर आणलेलं, गढूळ,
गाळलं नाही मुद्दाम.
पुढच्या वेळी तीन नंबर वॉर्डात कोण उभा राहणार
ते त्याच ओट्यावर ठरलं.
मोहल्ल्यातल्या बायका मात्र वर्षभर
अम्मीशी धड बोलल्या नाहीत.
त्यांच्या हंड्यांचं कुणी ठरवलं नव्हतं.

फलाह आला निवडून. बकरे कापले,
माझ्या हातावर पाच दिनार ठेवून
बू मिशारी म्हणाले, शाबास, रफीक.
पाच दिनार. घेतले मी. खोटं कशाला सांगू.

गर्दी पांगली. एकटेच बसले होते, मणी ओढत.
मी एक फिंजान भरला.
त्यांच्यासमोर ठेवला, आणि मागे सरकलो नाही.
त्यांनी हात पुढे केला.
मी म्हणालो, हा माझा.

मणी थांबले.
एसीचा आवाज केवढा मोठा असतो.
त्यांनी फिंजानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आधी कधी पाहिलं नव्हतं असं नाही,
पण चेहरा कुणाचा ते शोधत असल्यासारखं.
माझं अरबी चहापुरतं.
चार महिने, कंत्राट, तेवीस माणसं,
हे शब्द मी आठवडाभर सुभानकडून घोकले होते,
ऐन वेळी फक्त तेवीस आठवलं.
तलाता व अश्रीन, मी म्हणालो.
तलाता व अश्रीन.

कॉफी गार होत होती.
खाली कुणीतरी विजयाचे हॉर्न वाजवत गेलं.
ते म्हणाले,
तुझं नाव काय?