खिडकी

क्रेगहोपमध्ये कुणी आडनाव विचारत नाही,
शाळा कुठली ते विचारतात.
टेकडीवरची म्हणालात तर एक,
कालव्याकाठची म्हणालात तर दुसरं;
मग हात पुढे करायचा की नुसती मान हलवायची
ते ज्याचं त्याला कळतं.
मी टेकडीवरचा.

माझा बाप खाणीत होता.
तिथे दोन्ही शाळांचे एकाच पिंजऱ्यातून खाली जात
आणि वर येत तेव्हा सगळेच काळे.
आई फाटकाशी उभी राहून
चालीवरून ओळखायची, आपला कोणता.

खाण गेली. मैदान राहिलं.
पत्र्याचं छप्पर, तीनेकशे माणसं
आणि कोपऱ्यात इफी मॅकरॉरीची खिडकी.
चहा, खिमा पॅटिस, सुट्टे पैसे द्या.

त्या शनिवारी कालव्यापलीकडची टीम आली होती.
वारा असा की कानाची पाळी तुटून हातात यावी.
अकराव्या मिनिटाला मर्डोने गाणं काढलं.
ते गाणं तुम्हाला सांगत नाही.
तीनशे वर्षांपूर्वीची एक लढाई आहे त्यात,
आणि कालव्याकाठच्यांच्या आयांबद्दल एक ओळ.
मी री ओढली.
चाळीस वर्षं ओढतोय.
शब्दांकडे लक्ष कोण देतं,
छातीत ऊब येते, बस्स.

मग आमचा एक शॉट त्यांच्या गोलकीपरने बारवरून घालवला.
काळा पोरगा, उंच, हातमोजे त्याला जरा मोठेच.
मागून कुणीतरी माकडाचा आवाज काढला.
एकाने. मग सहा-सात जणांनी.
मी नाही काढला.
हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं,
मी नाही काढला.

कॉर्नर घ्यायला आमचा तफाद्झ्वा आला होता.
इथलाच. आई इस्पितळात नर्स, हरारेहून आलेली;
माझं प्लॅस्टर तिनेच कापलं होतं.
मागच्या महिन्यात याच छपराखाली
आम्ही त्याला खांद्यावर नाचवलं.
तो वाकलेला तसाच राहिला,
बॉल इकडचा तिकडे फिरवत,
गवतात त्याची नेमकी जागा सापडत नसल्यासारखा.

हाफटाइमला रांग लागली.
इफीने एकदा आमच्याकडे पाहिलं
आणि शटर खाली ओढलं.
खडखडाट इतका की पंचाने मागे वळून पाहिलं.

"काय गं, गॅस संपला?"
आतून आवाज आला,
"चहा उकळतोय. पॅटिस गरम आहेत.
तुमच्याच तोंडांत जागा नाही."

मर्डोने पत्र्यावर मूठ मारली.
"तो आवाज आम्ही नाही काढला, इफी.
आणि गाणं तर आपलंच आहे.
तुझं माहेर टेकडीवरचं ना?"

"माझा फ्रान्सिस कालव्याकाठचा होता.
बत्तीस वर्षं चहा पाजते आहे तुम्हाला,
त्याच्या आईवरची ओळ ऐकत."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.
ठाऊक असणं आणि ऐकणं
यांच्यामध्ये एक पत्रा असतो.

दुसऱ्या हाफमध्ये कुणी गायलं नाही.
शहाणपणाने नव्हे, थंडीने.
हात काखेत, पोटात कावळे.
तफाद्झ्वाने गोल केला,
आणि आमच्याकडे धावत आला नाही.
पडलेल्या गोलकीपरला त्याने हात देऊन उठवलं.
दोघं काहीतरी बोलले,
आम्हाला ऐकू न येण्याइतकं हळू.

पुढच्या शनिवारी मर्डोने
शब्द वगळून नुसतीच चाल गुणगुणली.
अर्धं छप्पर खिडकीकडे बघत होतं.
इफीचा हात शटरच्या कडीवर,
ना वर, ना खाली.
माझ्या घशाशी री आली होती.
गिळली. कोरडी होती, टोचत गेली.

हाफटाइमला रांगेत पहिला मीच,
सुट्टे पैसे मुठीत धरून.
तिला काहीतरी म्हणायचं ठरवून आलो होतो.
आदल्या रात्री आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं होतं.

"एक पॅटिस," मी म्हणालो.
तिने दिलं.
थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मी अजून काही मागतोय का म्हणून.