थुमामच्या बुडाशी

आई फोनवर विचारते,
"त्या वाळूत माणसं काय हवा खाऊन जगतात?"
माणसांचं माहीत नाही गं, म्हणते मी,
आणि रेंज जाते.

शहानियाच्या पुढे डांबर संपतं.
मग जमीन जराशी खोलगट, ओंजळ धरल्यासारखी.
रौदा म्हणतात इथे.
वर्षातून एखाद-दोनदा पाऊस वाट चुकतो
तो इथेच साचतो.
एरवी थुमामचे झुबके, काटक, राखाडी,
उंटांनी कुरतडलेले.
इद्रीस उंट वळतो. विचारतो,
पाणी नाही, खत नाही, हे गवत खातं काय?
माझ्या पगाराचं कारण हाच प्रश्न आहे,
फक्त करारात तो चार पानी आहे.

शेर वली कुदळीने अलगद उकरतो.
मूळ वर येतं ते वाळूची बाही घालून.
झटकलं तरी पडत नाही.
मूळ डिंक पाझरतं, कण कण धरून ठेवतं,
आणि बाहीच्या आत, जिथे ओल तगते,
तिथे ते.
हवेतलं नत्र खाणारे
आणि हवेतल्याच प्राणवायूला भिणारे.
सासुरवाशिणीने दार लोटून
चार घास खावेत, तसे आडोशाला.

नत्राचे दोन अणू
तीन हातांनी एकमेकांना घट्ट.
ती मिठी सोडवायला मेसईदच्या कारखान्यात
चारशे अंशांवर भट्टी लागते,
आणि दाब असा
की दिगंबर रात्रपाळीहून येतो
तेव्हा त्याच्या कानात अजून घुमत असतो.
झोपेत आकडे पुटपुटतो.
इथे सोळा कवड्या मोजून तेच काम.
ना भोंगा, ना पाळी.
त्याला सांगितलं तर कूस बदलून म्हणाला,
"मग त्यांना टनांचा हिशेब विचार."

बरोबर आहे. हिशेब.
मुळं बाटलीत, बूच घट्ट, सुईने अ‍ॅसिटिलीन.
इंडस्ट्रियल एरियात वेल्डर पेटवतात तेच.
संध्याकाळी बाटलीत
आढीतला आंबा पिकवणारा वायू सापडला
तर समजायचं, जेवताहेत.
सहा बाटल्या गप्प.
सातवीत, कागदावर,
मुंगीएवढा उंचवटा.
मी शेर वलीला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं,
"बस, एवढंच?" म्हणाला,
आणि सगळ्यांसाठी करक आणायला गेला.

डिसेंबरात रौदा भरला.
पाण्याखाली दुसरे जागे झाले,
जमवलेलं पुन्हा हवेला परत करणारे.
त्यांचा राग येत नाही. त्यांनाही श्वास हवाच,
पाण्याखाली दुसरं काय मिळणार?
डॉक्टर हमदा म्हणाल्या, राहिलं ते लिही,
गेलं तेही लिही.
इद्रीसच्या उंटांनी टाकलेल्या लेंड्यांना
रकानाच नव्हता.
समासात लिहिलं.

आईला परत फोन लावला.
"मघाशी काय सांगत होतीस?"
हवेचं.
"कशी आहे तिथली?"
कोरडी, म्हटलं.
पण गवत आहे.