महिरपी कंस

पावणेदोन. त्रेचाळीस स्लाइड तयार आहेत.
सगळ्यांच्या कपाळी तीच निळी पट्टी,
पाठीमागे फिकट राखाडी,
तळाशी माझं नाव, कॉलेजचं नाव, पान कितीपैकी कितवं.
उद्या साडेदहाला वाशीत बोलायचंय
आलेखांच्या रंगकामावर:
कडेने जोडलेल्या दोन बिंदूंना एक रंग नको,
मग कमीत कमी किती रंग पुरतील,
आणि का.

तेविसावी तेवढी मला वेगळी हवी आहे.
पट्टी नको, नाव नको, आकडाही नको.
पट्टी एका शब्दात गेली: चौकटी कंसात 'प्लेन'.
पाठीमागचा राखाडी मात्र हटेना.
हटवला, तर तेविसावी पांढरी झाली,
आणि चोविसावी, आणि पंचविसावी,
थेट आभाराच्या स्लाइडपर्यंत
सगळ्याच उघड्या.

मग सापडलं.
आधी कंस उघडायचा, मग रंग सांगायचा,
मग ती स्लाइड, मग कंस मिटायचा.
आतलं आत राहतं.
नागमोडी पाठीचा तो कंस,
शाळेत ठाकूरबाई फळ्यावर काढायच्या
मखराच्या कमानीसारखा, अगदी मन लावून,
आणि म्हणायच्या, आधी साधा सोडवा, मग महिरपी, मग चौकटी,
घाई करू नका, कुणी पळून जात नाही.

आबांची टेप आठवली.
दिवाळ्याच्या जेटीवर ते होड्या रंगवायचे.
काळ्या अंगावर एकच तांबडा पट्टा,
वर एक टेप, खाली एक टेप, मधे ब्रश.
रंग ओला असतानाच टेप सोडायची.
वाळू दिलीस, तर सोडताना रंगही सोलून येतो.
मी उन्हात टेपच्या गुंडाळ्या वेचायची,
बोटांना तांबडं लागायचं,
जेवताना आई हात पुढे करायला सांगायची.

खिडकीबाहेर सेक्टर पंधराचे दिवे,
एका मापाचे, एका अंतरावर.
शहराचा पहिला नकाशा एकदा बघितला होता:
रस्त्यांना नंबर, प्लॉटना नंबर,
आणि मधे आमचं गाव,
नुसती पांढरी जागा, भोवती एक तुटक रेघ.
त्या पांढऱ्यात आमची विहीर होती,
सुकटीच्या काठ्या होत्या,
घरं जिकडे वारा तिकडे तोंड करून.

आबा पाण्याला उठले. माझ्या मागे थांबले.
चष्मा नव्हता, तरी दिसलं त्यांना.
"ह्यो एकलाच पांढरा कनाला? रंग खपला?"

सांगायचं जिवावर आलं होतं.
पाच शेजारी असलेला बिंदू, आबा.
बाकी सगळं सिद्ध झालंय,
या एका ठिकाणी माझ्याकडे सिद्धता नाही.
म्हसकर सर म्हणाले, 'हे उघड आहे' असं लिही आणि पुढे चल,
पंचवीस मिनिटांत कोण विचारतंय?

आबांनी तांब्या खाली ठेवला.
"ज्या फळीची शंका हाय
तिला मी रंग नाय लावत.
सुताराला दिसली पायजे.
रंगवली, का मंग फक्त पाण्याला दिसते."
आणि झोपायला गेले.

पांढऱ्यावर मी एकच ओळ ठेवली:
इथून पुढे मला येत नाही.
अक्षर थोडं मोठं केलं. परत लहान केलं.
कंस मिटला.
कंपाईल.

चोविसाव्या स्लाइडवर निळी पट्टी परत आली,
राखाडी आला, माझं नाव आलं,
पान त्रेचाळीसपैकी चोवीस.
खाली एक इशारा:
एकतिसाव्यात एक ओळ समासाबाहेर जाते आहे,
जेमतेम अडीच पॉइंट.

ती सकाळी बघू.