दोन किलो तीनशे चाळीस

सांगलीच्या मार्केट यार्डात, तिसऱ्या गल्लीत माझं दुकान:
चौगुले स्केल्स, दुरुस्ती व शिक्का.
गावातले काटे खोटं बोलायला लागले
की माझ्याकडे येतात.
हळदीचे, बेदाण्याचे, गुळाचे,
एकदा तर तान्ह्या बाळांचा, एका डॉक्टरीणबाईंचा.
मी त्यांना उलटं करतो, पोटातली धूळ फुंकतो,
वायर बदलतो,
मग वीस किलोचं माप ठेवून विचारतो,
बोल, खरं किती?

माझं स्वतःचं खरं
साडीच्या दुकानाच्या पिशवीत होतं.
वर्षभराची बिलं.
आधी पिशवी टेबलावर होती, मग टेबलाखाली,
मग दारामागच्या खिळ्याला,
म्हणजे दार उघडं असलं की दिसत नाही.
म्हणून दार दिवसभर उघडं.
गिऱ्हाईकं म्हणायची,
जिनूभाऊंचं बरं हाय, कवाबी या, दार उघडंच.

महिन्याची वीस तारीख आली की
मोबाईल थरथरायचा: प्रिय करदाता.
मला आयुष्यात कुणी
इतक्यांदा प्रिय म्हटलेलं नाही.
मी मोबाईल पालथा घालायचो.
पर्युषण झालं की बसू.
हळदीचा सीझन उरकला की बसू.
पासवर्ड आठवला की.
दिवसाला पन्नास रुपये
थांबलेल्या रिक्षाच्या मीटरसारखे चढत होते
आणि मी रात्री तीनला उठून पाणी पीत होतो.
सुनंदा विचारायची, काय होतंय?
ॲसिडिटी.

परवा तासगावहून एक काटा आला,
टेबलावरचा, पाच किलोचा.
माझी लहान मापं शिक्क्याला गेलेली.
आकडा हलतोय का, एवढंच बघायचं होतं.
हात दारामागे गेला, लागली ती पिशवी ठेवली.

हिरवे आकडे लुकलुकले, थांबले.
दोन किलो तीनशे चाळीस.

उचलली. परत ठेवली. तेवढंच.
मला वाटत होतं, पोतं आहे.
आमची तेजू जन्मली तेव्हा याहून जड होती
आणि तिला उचलताना मी घाबरलो नव्हतो.
घाबरलो होतो,
पण उचललं होतं.

शटर अर्धं ओढून पिशवी जमिनीवर ओतली.
काही बिलं कोरी झालेली,
त्या गुळगुळीत कागदावरची शाई
माझ्याइतकीच उडून गेलेली.
एकावर चहाचा गोल.
एकामागे माझ्याच अक्षरात,
कवठेमहांकाळचे अडते, येणे बाकी ४८००.
म्हणजे मी सरकारला भीत होतो
आणि अडत्याला विसरलो होतो.

आवटी वकिलांच्या ऑफिसात
वैदेही कोष्टी नावाची मुलगी बसते.
मी सगळं एकदम तिच्यापुढे ठेवलं,
एकदम माफी मागायला लागलो.
ती म्हणाली, काका, एप्रिल द्या.
म्हटलं, मे-जूनपण आणलंय, ऑगस्टचं जरा…
एप्रिल भरल्याशिवाय मे उघडत नाही, काका.
हे तिनं कॉम्प्युटरबद्दल सांगितलं.
मी खुर्चीत नीट बसलो.

दंड किती, विचारलं.
तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
आकडा लहान नव्हता.
सोसायटीची उचल लागेल, दिवाळी साधी होईल.
पण आकडा होता. त्याला शेवट होता.
रात्री तीन वाजता असतो तसा नव्हता.

सुनंदाला सांगितलं.
ती भाकरी थापत होती, थांबली नाही.
म्हणाली, म्हणजे ॲसिडिटी नव्हती तर.
मग थोड्या वेळानं,
मला वाटलं होतं, हार्टचं काहीतरी आहे.

तासगावच्या काट्याचं बिल मी त्याच दिवशी केलं,
नंबर घालून, कार्बन ठेवून.
काटा न्यायला माणूस आला, तेव्हा म्हटलं,
जरा थांब, पाच मिनिटं.
पिशवी शेवटची एकदा ठेवली.
एक किलो आठशे पन्नास.
एप्रिल, मे आणि निम्मा जून कमी.
ऑगस्टकडे अजून बघवत नाही.

दार थोडं लोटून घेतलंय आता.
खिळा दिसतो.